येमूलांच्या घरचा निलंबित संगणक

नागमणी येमूलच्या घरी आलेला संगणक निलंबित होता, म्हणून तो काम करत नव्हता. एवढीच गोष्ट आहे. यात बसून लिहिण्यासारखं काय आहे हे इरप्पा हत्तुरे यांना अजून कळलेलं नाही. पण प्रतिष्ठानाचं पत्र आलं की तुमच्या भागातली एक यशोगाथा पाठवा, दोन पानं, सोबत फोटो. आणि नागमणीनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं की हत्तुरे आप्पाच लिहितील. आप्पांची शाळा दुसरी. तीसुद्धा पुरी नाही, गुरुजींशी भांडण झालं म्हणून सुटली. सत्तरी ओलांडलेल्या अशा माणसाला लिहायला बसवायचं आणि वर फोटोही मागायचा, ही कुठली रीत. असो. बसवलंच आहे तर जसं झालं तसं येईल. गोड करून मिळणार नाही.

सोलापुरात विडी कामगारांची जी वसाहत आहे, तिथं वाचनालयाच्या ओट्यावर आप्पा दिवसभर असतात. चौतीस वर्षं त्यांनी चादरीच्या कारखान्यात माल तपासला. टेबलावर चादर पसरायची, काठावर बोट ठेवायचं आणि वितीवितीनं पुढं सरकायचं. धागा सुटला असेल, फूल चुकलं असेल, तिथं खडूची खूण. वाचतातही ते तसंच. वाचनालयाचा पेपर सकाळी आठला त्यांच्या हातात जातो आणि संध्याकाळी पाचला सुटतो. लोक कुरकुरतात. आप्पांचं म्हणणं असं की छापणाऱ्यानं अक्षर टाकलंय म्हणजे ते वाचायलाच टाकलं असणार. वरवर बघायचं असेल तर खिडकीतून रस्ता बघावा.

तर पुण्याचं नवउभारी प्रतिष्ठान म्हणून एक आहे. मोठमोठ्या कचेऱ्यांतले जुने संगणक ते घेतं, पुसतं, दुरुस्त करतं आणि ज्यांच्या घरी असलं काही येण्याची शक्यता नाही अशा मुलामुलींना देतं. काम चांगलं आहे. आप्पांनी त्याला कधी नाव ठेवलेलं नाही आणि आजही ठेवत नाहीत. त्यांची तक्रार माणसाबद्दल आहे. तो माणूस म्हणजे प्रतिष्ठानाचे समन्वयक, श्रीरंग टिपणीस. चाळिशीचे, गळ्यात ओळखपत्र, कुणाशीही बोलताना नजर त्याच्या डोक्यावरून पलीकडं.

रविवारी समाजमंदिरात वाटप झालं. चाळीस संगणक, प्रत्येकाला एकेक हार, प्रत्येकासोबत टिपणीसांच्या सहीचं एकेक पत्र. यादी आधी एकोणचाळीस नावांची होती. नागमणीचं नाव मागून घातलं, म्हणून तिचं पत्र घाईत वेगळं टाइप केलेलं होतं. हे लक्षात ठेवावं.

एकोणचाळीस संगणक त्याच दिवशी कामाला लागले. त्यांच्या कचेरीतल्या सवयी होत्या, नाही असं नाही. शेजारच्या अंबादास कोडमचा संगणक एक ते दीड जेवणाची सुट्टी घेतो आणि त्या वेळेत बटण दाबलं तर उत्तर देत नाही. दुसरा एक कुठल्याशा मोठ्या साहेबाच्या केबिनमधून आलेला, त्याला आधी टकटक करावं लागतं. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. वर्षानुवर्षांची सवय एका हारानं जात नसते.

नागमणीचा संगणक आवक-जावक शाखेतला होता. आलेल्या पत्राला आवक क्रमांक द्यायचा, गेलेल्या पत्राला जावक क्रमांक द्यायचा, हे त्यानं अकरा वर्षं केलं. चालू झाल्याबरोबर त्यानं सोबतचा कागद वाचून दाखवायला सांगितलं. आवाज घोगरा, पण अदबीचा. नागमणीनं वाचलं: सदर निलंबित संगणक दुरुस्त करून आपणांस वापरासाठी देण्यात येत आहे. संगणकाचा पडदा निम्मा मंद झाला.

तिनं विचारलं, काय झालं. तो म्हणाला की निलंबनाच्या काळात निम्मं वेतन असतं, त्यामुळं उजेडही निम्माच घेणं योग्य. आपल्याकडून काम घेता येणार नाही. सकाळी दहा आणि संध्याकाळी पावणेसहा अशी दोनदा हजेरी मांडावी. परवानगीशिवाय मुख्यालय सोडता येत नाही, म्हणून या टेबलावरून हलवू नये. वापरासाठी दिलंय असं पत्रात आहे, तेव्हा वर घड्याळ ठेवायला हरकत नाही.

नागमणीनं वर घड्याळ ठेवलं आणि वहीत हजेरी मांडली. पोरगी सरळ आहे. बारावीला शहाऐंशी टक्के.

आता अडचण काय होती ते ऐका. प्रतिष्ठान नुसता संगणक देत नाही, सहा महिन्यांचं शिक्षणही देतं, त्यातून नोकरीला लावतं. त्याची प्रवेश परीक्षा गुरुवारी दुपारी तीन वाजता होती. ती दिलेल्या संगणकावरच द्यायची असा नियम. नाही दिली तर शिक्षण गेलं आणि संगणकही यादीतल्या पुढच्याला गेला. आणि नागमणीच्या आईनं, लचमाबाईनं, नवीन सूप आणून भिंतीला लावून ठेवलं होतं. बाहेरच्या वाचणाऱ्यासाठी सांगायचं तर आमच्याकडच्या बाया मांडीवर सूप घेऊन, त्यात पानं-तंबाखू ठेवून विड्या वळतात. लचमाबाई बावीस वर्षं वळते. ती वाईट बाई नाही. तिनं एवढंच म्हटलं होतं की यंत्र चाललं तर देवाची कृपा, नाही चाललं तर शुक्रवारपासून माझ्या शेजारी बस. ते सूप खिळ्याला लटकलेलं होतं आणि घरात पाऊल टाकलं की पहिलं तेच दिसायचं.

सोमवारी लचमाबाई ओट्यावर आली.

"आप्पा, ते यंत्र काम नाही म्हणायलंय. सस्पेंड हाय म्हणे. आमच्या पोरीनं काय केलं?"

"पोरीनं कशाला काही करायला पाहिजे," आप्पा म्हणाले. पेपर तिसऱ्या पानावर होता, तिथं खडू ठेवून उठले. असं त्यांनी त्याआधी एकदाच केलं होतं, भावाच्या लग्नात.

संगणकासमोर स्टूल घेऊन बसले आणि विचारलं, तुझा गुन्हा काय. संगणक म्हणाला की आरोपपत्र अद्याप मिळालेलं नाही. अकरा वर्षांत एक पत्र हरवलं नाही, एक क्रमांक दोनदा पडला नाही. एकदा एक लग्नपत्रिका चुकून सरकारी टपालात आली होती, तिलाही आवक क्रमांक दिला होता. कदाचित ते असेल. हे सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की आप्पांना कान जवळ न्यावा लागला.

आप्पांचं डोकं तिथंच तापलं. आरोप नाही, कागद नाही, आणि अकरा वर्षं राबलेल्याला मान खाली घालून बसवलंय. आणि त्याच्यापायी एका पोरीची परीक्षा बुडणार.

मंगळवारी त्यांनी टिपणीसांना फोन लावला. टिपणीस म्हणाले, बंद करून परत चालू करा. आप्पांनी विचारलं, निलंबित माणूस उठून परत बसला म्हणून कामावर येतो काय. टिपणीस म्हणाले की पत्रात निलंबित म्हटलं असेल तर तो निलंबितच असणार, कारण पत्रावर त्यांची सही आहे. अशा वेळी रीतसर चौकशी करावी लागते. तिला नव्वद दिवस लागतात. आप्पांनी सांगितलं की गुरुवार दोन दिवसांवर आहे, आणि तुम्ही परीक्षा बघायला गुरुवारी इकडं येणारच आहात, तेव्हा सकाळी अकराला समाजमंदिरात चौकशी लावा. नाहीतर आम्ही सगळे पुण्याला येतो, येमूलांकडं एक निलंबित संगणक आहे तोही घेऊन येतो. टिपणीसांनी चौकशी लावली. चौकशीची नोटीस म्हणजेच मुख्यालय सोडायची परवानगी, असं संगणकाचं मत पडलं, म्हणून त्याला हलवता आलं.

गुरुवारी त्याला रिक्षातून आणला. नागमणीनं चादरीत गुंडाळून मांडीवर धरला होता. समाजमंदिरात एका बाजूला टेबलामागं टिपणीस, समोर खुर्चीवर संगणक. लचमाबाईनं रिवाज म्हणून त्याच्यापुढं पाण्याचा पेला ठेवला. मागं वसाहतीतली पन्नासेक माणसं. भिंतीवरचं घड्याळ अकरा वाजून पाच मिनिटं दाखवत होतं.

टिपणीसांनी आरोपपत्र आणलं होतं. चौकशी आहे तर आरोप पाहिजे, म्हणून त्यांनी तो बुधवारी तयार केला होता. आरोप असा, की सदर संगणक मंद चालतो.

संगणकानं आरोप नाकारला नाही. वयोमानानं मंद झालो आहे, एवढंच म्हणाला.

यावर आप्पा उभे राहिले. त्यांनी टिपणीसांना विचारलं की म्हातारं होणं हा गुन्हा कुठल्या कलमात बसतो, आणि बसत असेल तर वाचनालयाच्या ओट्यावरचे आठजण आज हजर आहेत, त्यांचीही चौकशी उरकून घ्या. लोक हसले. टिपणीसांना ते आवडलं नाही. त्यांनी आप्पांना विचारलं की तुम्ही इथं कोण. तेव्हा संगणक म्हणाला की नियमाप्रमाणे आरोपीला एक बचाव सहायक घेता येतो आणि आपण हत्तुरे यांचं नाव देत आहोत.

"शिक्षण?" टिपणीसांनी पेन उचलून विचारलं.

"दुसरी."

टिपणीसांनी पेन खाली ठेवलं. सगळ्यांकडं बघून हसले, आणि पन्नास माणसांपुढं, लचमाबाईपुढं, नागमणीपुढं म्हणाले, "आजोबा, हे कागदपत्रांचं काम आहे. अंगठेबहाद्दर माणसानं यात बोट घालू नये."

लचमाबाई अंगठा लावते. मागं बसलेल्यांतल्या निम्म्या बाया अंगठा लावतात.

आप्पा टेबलाजवळ गेले. टिपणीसांचंच पेन घेतलं आणि हजेरीच्या कागदावर सही केली. इरप्पा शिवलिंगप्पा हत्तुरे, काना, मात्रा, वेलांटीसकट, एकही अक्षर दुसऱ्यावर न चढवता. त्याला वेळ लागतो. लागला. मग म्हणाले, "आता निलंबनाचा कागद हातात द्या."

पत्र अकरा ओळींचं होतं. आप्पांनी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि सरकायला लागले. टिपणीसांनी दोनदा घड्याळ बघितलं, एकदा चहा मागवला. साडेबारा झाले. एक वाजला; अंबादासनं सांगितलं की त्याचा संगणक आता जेवायला बसला असेल. नागमणी पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत उभी होती. तिसऱ्या ओळीला बोट थांबलेलं होतं ते पुढंच जाईना.

"अंबादास," आप्पा म्हणाले, "तुझं पत्र घेऊन ये."

अंबादास धावत जाऊन घेऊन आला. आप्पांनी दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी पसरली, जोडीच्या चादरी लावतात तशी, काठाला काठ. खिशातून खडू काढला. इकडं एक खूण केली, तिकडं एक खूण केली.

"हे वाचा," ते टिपणीसांना म्हणाले. "सावकाश वाचा. घाई नाही."

टिपणीसांनी वाचलं. अंबादासच्या पत्रात 'सदर निर्लेखित संगणक' असं होतं. नागमणीच्या पत्रात 'सदर निलंबित संगणक' असं होतं. टिपणीसांनी दोन्ही परत वाचलं. मग म्हणाले की हा किरकोळ टंकदोष आहे, अर्थ साधारण तोच.

आप्पांनी विचारलं, निर्लेखित म्हणजे काय. हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितला होता. टिपणीसांनी सांगितलं की कचेरीत एखादी वस्तू कायमची नोंदीतून काढून टाकतात, तेव्हा तिला निर्लेखित म्हणतात. ती मग त्या कचेरीची राहत नाही. तिची कुठं नोंदच राहत नाही.

हे टिपणीसांनी मोठ्यानं सांगितलं, आणि संगणक समोरच होता, याचं भान त्यांना नव्हतं. आप्पांना होतं, पण उशिरा आलं. निलंबित माणसाला एक आशा असते. चौकशी होते, निर्दोष सुटतो, परत आपल्या टेबलावर जाऊन बसतो. चार दिवस तो संगणक निम्म्या उजेडात त्याच आशेवर हजेरी मांडून घेत होता. आप्पांनी त्याला सोडवला होता, आणि सोडवता सोडवता त्याच्या पायाखालची जमीनच काढून घेतली होती.

घड्याळात दोन वाजायला दहा मिनिटं होती.

"म्हणजे मी परत जाणार नाही," संगणक म्हणाला.

टिपणीसांनी कागद आवरायला सुरुवात केली. उत्तर द्यायची त्यांना गरज वाटली नाही. आप्पा स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.

"नाही जाणार," आप्पा म्हणाले. "तुझ्या टेबलावर दुसरा बसलाय. माझ्याही टेबलावर बसला. मी दोन महिने रोज फाटकापर्यंत जाऊन परत यायचो."

"मग?"

"मग पेपर वाचायला लागलो."

संगणकानं टिपणीसांना विचारलं की निर्लेखित वस्तूनं काम करू नये असा काही नियम आहे का. टिपणीसांनी सोबतची नियमांची पुस्तिका चाळली. असा नियम नव्हता. करावं असाही नव्हता. निर्लेखित वस्तूबद्दल पुस्तिकेत एक ओळ नव्हती. संगणकाला हे पटायला जड गेलं. नियमाबाहेरचं एक मिनिटही त्यानं कधी काढलेलं नव्हतं. तो म्हणाला की कसंही असलं तरी नोंद झाल्याशिवाय आपल्याला कुठं रुजू होता येत नाही, आणि नोंद करायला आता कचेरी नाही.

नागमणी पुढं आली. ती त्याला विनवत बसली नाही की रडली नाही. तिनं हजेरीची वही उघडली, कोरं पान घेतलं आणि लिहायला बसली. लिहून झाल्यावर त्याच्यापुढं उभी राहून वाचून दाखवलं.

"आवक क्रमांक एक. आज रोजी दुपारी दोन वाजता आवक-जावक शाखेचे संगणक श्रीमती लचमाबाई येमूल यांच्या घरी रुजू झाले. त्यांच्या अकरा वर्षांच्या कामाबद्दल कोणतीही तक्रार नाही."

संगणकानं विचारलं, वही कोणाच्या ताब्यात राहील. ती म्हणाली, माझ्या. त्यानं विचारलं, क्रमांक सलग राहतील का. ती म्हणाली, राहतील.

"खाली सही राहिली," संगणक म्हणाला. "घरप्रमुखाची."

लचमाबाई पुढं आली आणि तिनं अंगठा लावला. आप्पांनी तो टिपणीसांकडं बघत बघत शाईवर फुंकर घालून वाळवला.

पडदा पुरा उजळला. इतका, की पुढच्या पेल्यातल्या पाण्यात तो दिसायला लागला.

रिक्षानं अडीचला घरी आले, तीनला परीक्षा सुरू झाली. तो मंदच चालला, वयोमानाप्रमाणं चालला. पण नागमणीचं एक उत्तर त्यानं हरवलं नाही, एक अक्षर दोनदा टाकलं नाही. साडेपाचला पेपर संपला, आणि पावणेसहाला तो स्वतःहून बंद झाला. नागमणी वसाहतीत पहिली आली. शिक्षण झालं, आता ती एका दवाखान्यात नोंदी करायला जाते. भिंतीवरचं सूप लचमाबाईनं खाली काढलं, त्यात ती आता तांदूळ पाखडते. येमूलांच्या घरात येणाऱ्या प्रत्येक कागदाला आवक क्रमांक पडतो, लग्नपत्रिकेलाही. सध्या दोनशे सव्वीस चालू आहे.

प्रतिष्ठानानं महिनाभरानं शुद्धिपत्र पाठवलं: 'निलंबित' या शब्दाऐवजी 'निर्लेखित' असे वाचावे. संगणकानं ते वाचून घेतलं, क्रमांक दिला आणि वहीत लावलं. आप्पांनीही ते बोट ठेवून वाचलं, दोन्ही बाजूंनी. 'अंगठेबहाद्दर' या शब्दाऐवजी काय वाचावं, ते त्यात कुठं नव्हतं.

संगणकाच्या मते ही त्रुटी गंभीर आहे. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला तो इरप्पा शिवलिंगप्पा हत्तुरे यांच्या वतीनं एक स्मरणपत्र पाठवतो. आजवर अकरा गेली. उत्तर एकाचंच आलं, आणि त्यात यशोगाथा मागितली होती, दोन पानं, सोबत फोटो. ही ती यशोगाथा. फोटो मिळणार नाही. बारावं स्मरणपत्र हिच्यासोबतच जोडलं आहे, जावक क्रमांक नव्वद; आणि माफी ज्याच्याकडून यायची आहे त्याचं नाव श्रीरंग मुकुंद टिपणीस.